पुसू नये

वर्गातला काळा फळा उतरवायला दोन माणसं लागली. तो गेल्यावर भिंतीवर त्याच्याच मापाचा फिकट चौकोन उरला आणि बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं त्यांनी त्या फळ्यावर लिहिलं होतं, आणि जेवढं लिहिलं तेवढंच पुसलंही होतं. एका हातात खडू, दुसऱ्या हातात फडकं. केसांत इतकी भुकटी बसायची की पांढरा केस कोणता आणि खडू कोणता, हे आरशालाही सांगता आलं नसतं.

नवा फळा त्या चौकोनावर बसला. बंद असला की नुसता काळाभोर आरसा. तो कसा वापरायचा हे शिकवायला एक तरुण बाई सोमवारी आणि गुरुवारी यायची. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव पडलं होतं बटणताई. तिला ते ठाऊक होतं आणि ती त्यावर हसायची, म्हणून सगळ्यांना आवडायची.

पहिल्याच दिवशी बटणताईने खिडकीबाहेरच्या झाडाचं एक पान तोडून आणलं आणि छोट्या कॅमेऱ्याखाली ठेवलं. बघता बघता ते पान भिंतभर झालं. आणखी मोठं केलं, तेव्हा शिरा दिसल्या, मग शिरांच्या आतल्या शिरा, मग हिरव्या खिडक्यांसारखे बारीक कप्पे. वर्गात अडतीस मुलं होती आणि एक बाक करकरला नाही. एरवी अशी शांतता मुख्याध्यापक दारात उभे राहिले तरच व्हायची.

"बाई," पहिल्या बाकावरून आवाज आला, "हे पानाला माहितीये का, की ते आतून असं आहे?"

चौतीस वर्षं बाईंनी पानाची आकृती खडूने काढली होती. देठ, मधली शीर, दोन्हीकडे चार-चार रेघा. आज त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं पानाचं नुसतं दार काढत होतो, आत कधी गेलोच नव्हतो.

प्रश्न विचारणारी मुलगी म्हणजे रेडिओ. पटावर तिचं नाव वेगळं होतं, पण सगळा वर्ग तिला रेडिओच म्हणायचा. एकदा कानावर पडलं की ती ते जसंच्या तसं म्हणून दाखवायची. मुख्याध्यापकांच्या खोकल्यासकट.

रेडिओला वाचता येत नव्हतं.

हे शाळेत फक्त बाईंना ठाऊक होतं, तेही योगायोगाने. गेल्या वर्षी तिने उभं राहून सगळा धडा घडाघडा म्हटला, एक शब्द चुकला नाही. बाई सहज तिच्या बाकाजवळ गेल्या, तर पुस्तक भलत्याच धड्यावर उघडलेलं. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं, तेव्हा ती आधी हसली, मग रडली.

"बाई, कुणाला सांगू नका. आधीच्या शाळेत कळलं, तर मला मुलं फळ्याजवळ उभं करून वाच वाच म्हणायची. मी दोन महिने शाळेतच गेले नाही. इथे कळलं तर मी इथेही येणार नाही."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"मी कुणाची शपथ घेत नाही. मी सांगितलं ना, नाही सांगणार."

तेव्हापासून ती शाळा भरायच्या वीस मिनिटं आधी यायची. इतरांना सांगायला कारण होतं: फळा पुसायला येते. नव्या फळ्यावर पुसायला काही उरलं नाही, तेव्हा कारण बदललं: फळा सुरू करायला येते. अक्षरं तिला हळूहळू ओळखू यायला लागली, पण काना, मात्रा, वेलांटी दिसली की तिची गाडी अडायची. स्वतःचं नाव तेवढं ती चित्रासारखं ओळखायची. "तुला कान आहे गं," बाई म्हणायच्या, "पण काना नाही." त्यावर दोघी हसायच्या.

बाईंची एक वही होती. दरवर्षी नवी वही, प्रत्येक मुलाला एक पान. कुणाला लांबचं दिसत नाही, कुणाला ओरडलेलं सोसत नाही, कुणाच्या आईची सही मागू नये. बटणताईने ती वही बघितली आणि म्हणाली, "बाई, हे सोनं आहे. पण वही हरवली तर? फळ्यातच ठेवू या, कुलपात." म्हणून सुट्टीत बसून बाईंनी ती सगळी एका बोटाने टाइप केली. अक्षर शोधायला चष्मा वर, बघायला चष्मा खाली. मधूनच एखादी मात्रा गळून जायची आणि त्यांना पत्ताही लागायचा नाही. फळा आणि आतली ही पानं एकाच शब्दाने उघडायची, आणि तो कुलपाचा शब्द त्यांनी स्वतःच ठरवला: खडूफडकं३४. शेवटी एक चांदणी, कारण बटणताई चांदणीशिवाय ऐकेना.

त्या शुक्रवारी बाईंनी शनिवारची रजा घेतली, कारण धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. वर्ग शेजारचे गणिताचे सर सांभाळणार होते. रजेवर जाताना बाई चौतीस वर्षं जे करत आल्या, तेच त्यांनी केलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि आत लिहिलं: 'शनिवारच्या सरांसाठी. फळा उघडण्याचा शब्द: खडूफडकं३४*.' आणि चौकटीखाली, सवयीने, रेघ ओढून: 'पुसू नये.'

सोमवारी दुपारी सगळे शिक्षक बाईंच्याच वर्गात प्रशिक्षणाला बसले. विषय होता, शिक्षकांनी इंटरनेटवर सुरक्षित कसं राहावं.

"पासवर्ड कुणाला सांगायचा नाही," बटणताई म्हणाली.

"माझा मलाच आठवत नाही, चोराला काय सांगणार?" गणिताचे सर म्हणाले.

"सर, तुमचा तुमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. मी मागच्या गुरुवारी वाचला."

सगळे हसले. बाईही हसल्या. मग बटणताई म्हणाली, "आता एक छान गोष्ट दाखवते. रोज संध्याकाळी फळा स्वतःच त्या दिवसाची पानं जपून ठेवतो आणि मुलांच्या घरच्या टॅबवर पाठवतो. म्हणजे आजारी मुलाचाही अभ्यास बुडत नाही. हे बघा, शुक्रवारचं पान."

फळा उजळला. बाईंचं वळणदार अक्षर, पानाची आकृती, आणि उजव्या कोपऱ्यात ती चौकट.

गणिताचे सर तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मला वाटलं, ते फक्त माझ्यासाठी आहे."

तो शब्द अडतीस घरी गेला होता. त्या शब्दाने टॅबवरूनही फळ्यात शिरता यायचं, आणि त्यामागे अडतीस पानं होती. आणि त्यातल्या एका पानावर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'वाचता येत नाही. वर्गाला ठाऊक नाही, कळू देऊ नये.'

आज सकाळी रेडिओ आली नव्हती. वीस मिनिटं आधीही नाही, आणि नंतरही नाही.

बटणताईने प्रशिक्षण तिथेच थांबवलं. बाकीचे गेले, दोघीच उरल्या. आधी तिने कुलपाचा शब्द बदलला. मग म्हणाली, "बाई, बसा. कोण आत आलं, ते कळेल."

"ते कसं कळेल?"

"फळा लिहून ठेवतो. कुणी दार उघडलं, किती वाजता, किती वेळ आत होतं, कोणतं पान बघितलं."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने भिंतीला डोळे फुटल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या फळ्यावरून कोण काय वाचून गेलं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. वाचणाऱ्याची खूण राहते, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात बसत नव्हती.

यादी उघडली. शनिवारी सकाळी गणिताचे सर. त्यानंतर फक्त एकच पाहुणा, पुन्हा पुन्हा: टॅब क्रमांक सतरा.

"सदतीस घरांनी उघडलंच नाही," बटणताई म्हणाली. "त्यांनी 'सरांसाठी' हे वाचलं आणि सोडून दिलं असणार. पण बाई, सतरा कोण?"

बाईंना पट बघायची गरज नव्हती. सतरा म्हणजे रेडिओ. तिला 'सरांसाठी' वाचता आलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की बाई रोज ओरडून सांगतात: चौकटीतलं आधी उतरवा. आणि रोज सकाळी फळा सुरू करताना बाईंचं एक बोट कोणत्या अक्षरावरून कोणत्या अक्षरावर जातं, हे तिने पहिल्या बाकावरून बघितलं होतं. तिने शब्द वाचला नव्हता. तिने तो चित्रासारखा काढला होता.

"कुणाची पानं बघितली तिने?"

"एकच. हेच, पुन्हा पुन्हा. तिचं स्वतःचं." बटणताईचं बोट खाली सरकलं. "शनिवारी चार वेळा तिने 'वाचून दाखव' दाबलंय. म्हणजे फळा बोलतो ना, तसा टॅब तिला मोठ्याने वाचून दाखवत होता. रविवारी सकाळी दोनदा. त्यानंतर नाही दाबलं. आणि रविवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी... बाई, तिने पानावर काहीतरी बदललंय. एक्केचाळीस मिनिटं लागलीत."

पोरीने ऐकलं होतं. 'वाचता येत नाही' हे तिने यंत्राच्या तोंडून सहा वेळा ऐकलं होतं. तिने ते पुसलं असणार. पुसू दे. आपणच पुसायला हवं होतं. पण आता ती यायची नाही.

"काय पुसलं ते दिसतं का?" बाईंनी विचारलं.

"सगळं दिसतं. इथे पुसलेलं जात नाही. बघायचंय?"

बटणताईने बटण दाबलं आणि भिंतभर रेडिओचं पान आलं. 'वाचता येत नाही' जागच्या जागी होतं. 'कळू देऊ नये' तसंच. अगदी शेवटी बाईंची ओळ: 'कान तिखट आहे. मुलगी हुशर आहे.'

त्या ओळीत रेघ लुकलुकायला लागली. कुणीही नव्हतं आणि अक्षरं हलत होती.

'हुशर'चं 'हुशिर' झालं. पुसलं. 'हूशर' झालं. पुसलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. बटणताई पुढे सरकवायला गेली, तर बाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. ती विचार करतेय." मग 'हुशरा' झालं. पुसलं. पुन्हा 'हुशरा'. पुन्हा पुसलं. मग 'श'च्या पुढे एक उभी रेघ आली, आणि थांबली, आणि राहिली.

'मुलगी हुशार आहे.'

"एवढंच?" बटणताई म्हणाली. "फक्त एक काना वाढलाय, बाई."

बाई खुर्चीत बसल्या. चौतीस वर्षांत त्यांनी मुलांचं बरोबर आलेलं बघितलं होतं, चुकलेलं बघितलं होतं. पण चुकण्यापासून बरोबर येण्यापर्यंतची वाट त्यांनी कधीच पाहिली नव्हती. ती नेहमी पाटीवर, फळ्यावर, फडक्याखाली जायची आणि भुकटी होऊन उडायची. ती वाट आज भिंतीवर उभी होती. पानाच्या आतल्या शिरांसारखी.

"पुन्हा दाखव," त्या म्हणाल्या. बटणताईने तीनदा दाखवलं.

मग दोघी मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि बाईंनी आपली चूक आपल्याच तोंडाने सांगितली. असं ठरलं, की मुलांची खासगी पानं यापुढे फळ्यात ठेवायची नाहीत. बटणताई ती काढायला लागली, तेव्हा बाईंनी आधी कागदाची वही काढली आणि रेडिओच्या पानावर शाईने लिहून घेतलं: हुशिर, हूशर, हुशरा, हुशरा, हुशार.

मंगळवारी शाळा भरायच्या वीस मिनिटं आधी दार करकरलं.

"काल कुठे होतीस?" बाईंनी विचारलं. आवाज साधा ठेवायला त्यांना कष्ट पडले.

"ताप होता. आता नाही." रेडिओ दारातच घुटमळली. "बाई, मी तुमच्या लिहिलेल्यात हात घातला. रागावलात?"

"कुणाचं कुलूप उघडू नये, एवढं कळत नाही का तुला?"

"चौकटीत होतं. चौकटीतलं आधी उतरवायचं, तुम्हीच म्हणता."

"तिथे लिहिलं होतं, तुला वाचता येत नाही म्हणून. वाईट वाटलं?"

"ते तर खरंच होतं. पण तो टॅब शेवटी 'हुशर' म्हणत होता. मला वाटलं, माझ्याच कानाचं काहीतरी बिघडलंय. चार वेळा ऐकलं. मग वाटलं, तुमचंच चुकलं असेल." ती जरा लाजली. "मग शोधलं. 'श'च्या पुढे काहीच नव्हतं, बाई. मोकळं होतं."

"मोकळं होतं खरं," बाई म्हणाल्या. "चल, फळा सुरू करू. आता नवा शब्द आहे. तिकडे तोंड कर आणि मागे बघायचं नाही."

रेडिओने मागच्या भिंतीकडे तोंड केलं. तिथे दाराशेजारी लाल अक्षरांची जुनी पाटी होती. बाई या शाळेत आल्या तेव्हाही ती होती. ती कुणी कधी वाचत नसे, आणि मोठ्याने तर नाहीच नाही.

बाईंनी एक बोट उचललं. पहिलं अक्षर दाबलं. दुसरं दाबलं.

"आ... ग," मागून हळू आवाज आला. "ला... ग... लागल्... लागल्यास."

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

"आग लागल्यास... धा... धावू नये." मग जरा थांबून, स्वतःशीच: "तीन काने होते, बाई. झालं का? वळू?"

"थांब," बाई म्हणाल्या. फळा समोर वाट बघत उभा होता, आणि नवा शब्द त्या साफ विसरल्या होत्या. "अजून वळू नकोस. पुन्हा वाच."