उरलेला हात

बारामतीहून येणारी एसटी कळसच्या फाट्यावर थांबली, तेव्हा ऋषिराजच्या खतांच्या दुकानासमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेट असलं की अशी गर्दी होई. प्रतिक्षा बसमधून उतरली आणि गर्दीच्या कडेने चालू लागली. उजवा हात कोपराच्या खाली नसल्यामुळे दप्तर ती डाव्या खांद्यावर घेई.

"ए प्रतिक्षा! हिकडं ये की," ऋषिराजने हाक मारली. तो माजी सरपंचांचा मुलगा. गावातले बहुतेक सत्कार आणि त्यांचे व्हिडिओ त्याच्याच हातचे असत. "बघ तरी काय चाललंय."

टीव्हीवर पॅरिसची पॅरालिंपिक स्पर्धा चालू होती. एक मुलगी खुर्चीवर बसून पायाने धनुष्य पेलत होती. तिला दोन्ही हात नव्हते. तिने खांदा आणि जबडा यांच्या जोरावर दोरी ताणली, बाण सुटला आणि पिवळ्या वर्तुळात रुतला. टाळ्या वाजल्या. प्रतिक्षानेही मान डोलावली. इतका ताण असताना पाय जराही थरथरत नाही, याचं तिला नवल वाटत होतं. टाळ्या थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की माणसं आता टीव्हीकडे नाही, तिच्या लोंबत्या बाहीकडे बघतायत.

"हिला तर एक हात हाय की," कुणीतरी म्हणालं.

"व्हय की. त्या पोरीला दोन्ही न्हाईत."

"आन आमी आपलं तीन वर्सं बिचारी बिचारी करत बसलो," शेजारची सिंधुबाई म्हणाली, आणि सगळे हसले. प्रतिक्षाही हसली. तीन वर्षं लोक तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते. चेष्टा करण्याइतकं कुणी जवळ आलं नव्हतं. तिला बरंच वाटलं.

घरी बिरू, तिचे वडील, ओट्यावर मोबाईल घेऊन बसले होते. धारा काढायची वेळ टळून गेली होती आणि गोठ्यात गाई ओरडत होत्या.

"पोरी, ह्यो बघ. एक हात न्हाय गड्याला. भाला टाकला आन मेडल घेतलं." त्यांनी व्हिडिओ परत मागे नेला. "आता कळलं मला. देवानं तुझा हात नेला, त्यो ह्याच्यासाठी नेला."

हात कसा गेला ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती नववीत होती. ऊसतोडीचे दिवस होते आणि गोठ्यात वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ढीग पडला होता. चारा कापायच्या कडबाकुट्टी मशीनच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण बिरूने काढून ठेवलं होतं, कारण ओलं वाढं त्यात अडकायचं आणि मशीन सारखं थांबवावं लागायचं. प्रतिक्षा शाळेतून आली आणि वाढं आत सारू लागली. रोलरने वाढ्याबरोबर तिची बाही ओढली. बटण भिंतीवर होतं, चार पावलांवर. बिरू पोचले तोवर उशीर झाला होता. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा झाकण परत बसवलेलं होतं, चार नव्या नटांनी आवळून. त्यावर कुणी काही बोललं नाही. लोक विचारत तेव्हा बिरू "नशीब" म्हणत आणि दुसरीकडे बघत.

त्या संध्याकाळी मात्र ते सरळ तिच्याकडे बघत होते. वडिलांचा चेहरा इतका मोकळा तिने तीन वर्षांत पाहिला नव्हता. "बघू की पप्पा, करून बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिरूने कळकाच्या बांबूची सरळ काठी तासून भाला केला. टोकाला लोखंडी फाळ ठोकला. प्रतिक्षाने तो डेअरीच्या काट्यावर ठेवून पाहिला.

"पप्पा, मुलींचा भाला सहाशे ग्रॅमचा असतो. हा दुप्पट भरतोय."

"मग तर बेस झालं. खरा हातात आला की पिसागत वाटंल."

नववीपर्यंत ती उजव्या हाताने सगळं करायची. डाव्याने अक्षर वळवायला तिला वर्ष लागलं होतं, आणि आता त्याच हाताने भाला टाकायचा होता. रोज कॉलेजहून आल्यावर गावामागच्या माळावर ती भाला टाकायची आणि बिरू तो आणून द्यायचे. आठवड्याभरात तिथे बघणारेही जमू लागले. यातल्या कुणी कधी भाला हातात धरला नव्हता, पण पॅरिस सगळ्यांनी पाहिलं होतं.

"पाय टाक, पाय! कंबर वळीव!"

"तिचं मनच न्हाय त्यात. त्या पोरीचं डोळं बघितलं का कसं हुतं?"

ऋषिराजने व्हिडिओ काढला. त्याला ढोल लावला आणि वर 'जिद्द' असं लिहिलं. तो व्हिडिओ इंदापूरपर्यंत फिरला. घरी आजी, भागूबाई, दिवा लावता लावता म्हणाली, "एकदा का मेडल गळ्यात पडलं, मंग हात कोण बघतंय? पोरगं चालून येतंय बघ."

"आज्जी, मला फार्मसीला जायचंय."

"जा की. मेडल घिऊन जा."

तिला खरोखरच फार्मसीला जायचं होतं. बारावी विज्ञानाचं वर्ष होतं. एका हाताने प्रयोग करायची पद्धत तिने स्वतः बसवली होती. इतर मुली एका हाताने ब्युरेटच्या उभ्या काचनळीची तोटी फिरवत आणि दुसऱ्याने चंबू हलवत. ती चंबू पांढऱ्या फरशीवर ठेवायची, थेंब सोडायची, तोटी बंद करायची, मग चंबू हलवायची, परत थेंब. वेळ दुप्पट लागायचा, पण तिची तिन्ही वाचनं जुळायची. सर तिचं वाचन फळ्यावर लिहून बाकीच्यांना ताडून बघायला सांगत.

सप्टेंबरच्या अखेरीस एका प्रयोगाला ब्युरेटमध्ये द्रावण ओतण्यासाठी तिने हात वर नेला, आणि तो खांद्याच्या उंचीवर अडकला. खांद्यात वरून खाली कळ गेली. बीकर कलंडलं आणि द्रावण ओट्यावर सांडलं.

"दुखतोय कधीपासून?" संस्कृतीने विचारलं. ती काटेवाडीची, प्रयोगशाळेतली तिची जोडीदार.

"आठ-दहा दिवस. रात्री कुशीवर झोपता येत नाही."

"मग बंद कर ते भाला-बिला."

"पप्पांना कसं सांगू?"

"कसं म्हणजे? तोंडानं सांग."

प्रतिक्षाने सांडलेलं द्रावण फडक्याने टिपायला घेतलं. त्या दिवशी तिने वही लिहिली नाही, लिहिता आली नाही. घरी केसही आईने विंचरून दिले. आईने खांद्यावर तेल चोळलं आणि हळूच म्हणाली, "आता भाल्याची ती निवड चाचणी एवढी हू दे. त्येंनी लई मनावर घेतलंय."

दिव्यांग खेळाडूंची ही निवड चाचणी बारामतीच्या एका मैदानावर होती. प्रशिक्षक बाईंनी आधी गट ठरवण्यासाठी प्रतिक्षाचा उजवा दंड टेपने मोजला, कागदावर लिहिला, मग खरा भाला हातात दिला. तो खरंच पिसासारखा हलका होता. पण हात मागे नेला की खांदा पुढे येऊच देत नव्हता. तीनही फेकी बाकीच्या मुलींच्या निम्म्यावर पडल्या. तिसऱ्या फेकीनंतर बाईंनी तिचा हात धरून हळूहळू वर उचलला. कानापर्यंत जायच्या आतच प्रतिक्षाने ओठ चावला.

"सराव कशानं करत होतीस?"

तिने बिरूच्या हातातल्या कळकाकडे बोट दाखवलं. बाईंनी तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"हा खांदा आता पूर्ण विश्रांतीला ठेवायचा. डॉक्टरांना दाखवा. एकच हात आहे हिला, तो गेला तर जेवायचं कशानं?"

"पर मॅडम, त्या टीव्हीवरच्या पोरीला तर—"

"त्या पोरीनं काय काय सोसलं आणि तिच्यामागं किती माणसं होती, ते टीव्हीवर दिसत नाही. आणि तिला ते करायचं होतं. हिला काय करायचंय, विचारलंत का?"

बिरू कळक उचलून चालू लागले. मैदानाबाहेर मोटारसायकलपाशी आल्यावर ते म्हणाले, "ह्या बाईला काय कळत न्हाय. सोलापूरकडं एक अकादमी हाय, ऋषिराजच्या वळखीची. ऱ्हायचं, खायचं, सराव करायचा. उद्या कालिजातनं दाखला काढू."

"दाखला? पप्पा, माझी बारावी हाय."

"बारावी पुढल्या साली दे. एका हातानं कुठं बाटल्या हालवत बसतीस? मन घट कर. जिद्द असली की—"

"खांदा उचलत न्हाय पप्पा."

"त्या लोकांचं दुखत नसंल का? देवानं येवढा हात नेला, त्यो काय उगाच?"

प्रतिक्षाने इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर वर्दळ होती, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती अगदी हळू बोलली.

"हात देवानं न्हाय नेला. झाकण तुमी काढलं हुतं."

बिरूच्या हातातली किल्ली तशीच राहिली. ते तिच्याकडे नाही, बाहीकडे बघत होते. आणि त्यांचा चेहरा परत मिटला. तीन वर्षं होता तसा, किंवा त्याहूनही जास्त.

"वाढं अडकत हुतं," ते म्हणाले.

"म्हाईत हाय मला."

"माझ्या ध्यानातच न्हाय आलं तू हात घालशील. येवढ्यानं काम हुतंय म्हनून..."

"म्हाईत हाय पप्पा. मी कुणाला कवा काय बोलले का?"

"मग मी काय करू?" ते एकदम मोठ्याने म्हणाले, आणि बाजूने जाणारा एक माणूस वळून बघू लागला. "सांग की. काय करू मी?"

मेडल मिळालं असतं तर त्यांना झोप लागली असती, हे तिला कळत होतं. माळावर भाला आणायला धावणारे पप्पा तिला आवडत होते, हेही खरं होतं. "मेडलनं झाकण बसत न्हाय," एवढं तिच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"मला कालिजात जाऊ द्या. बाकी काय करू नका," ती म्हणाली.

ते बसले. तीही मागे बसली. कळक त्यांनी मैदानाच्या कुंपणाशीच टाकला होता. भवानीनगर मागे पडलं. खड्डा आला की तिचा खांदा कळवळायचा, आणि बिरू न सांगता गाडी हळू करायचे.

फाट्यावर ऋषिराज दुकानाबाहेरच उभा होता. त्याने हात आडवा करून गाडी थांबवली. आत टीव्हीवर एव्हाना क्रिकेट लागलं होतं. तरी चार-पाच जण उठून बाहेर आले, त्यात सिंधुबाईही होती.

"काय झालं बिरूतात्या? घेतली का पोरीला?"

"न्हाय."

"न्हाय? का? एवढा सराव केला की!"

बिरूने हँडलवरची मूठ उगाच आवळली. प्रतिक्षाला मागून त्यांची मान दिसत होती, शर्टाची कॉलर घामाने भिजलेली. सगळे उत्तराची वाट बघत होते.

"माझ्यातच न्हाय ते दादा," ती म्हणाली. "पप्पांनी लई केलं. मलाच जमलं न्हाय."

"मी म्हनलं नव्हतं?" सिंधुबाई शेजारच्या माणसाला म्हणाली. "तिचं मनच न्हवतं त्यात. दोन्ही हात नसलेली पोर मेडल आनती, आन हिला एक हात असून..."

"जिद्द लागती. ती काय इकत मिळत न्हाय," ऋषिराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, व्हिडिओ वाया गेल्याची हळहळ होती. "आता त्यो व्हिडिओ काढून टाकाय लागंल."

आत टीव्हीवर कुणीतरी चौकार मारला. बाहेर आलेल्यांपैकी दोघे घाईने परत गेले.

प्रतिक्षाला वाटलं, पप्पा आता काहीतरी म्हणतील. खांद्याचं सांगतील, बाईंचं सांगतील. ती वाट बघत राहिली. त्यांनी मान खाली घातली, गाडी चालू केली आणि पुढे नेली. दहा-पंधरा पावलांवर परत थांबवली. मागे न वळताच त्यांनी दुकानाच्या दिशेने ओरडून सांगितलं,

"ऋषिराज! त्या अकादमीला सांगू नगं. उद्या कालिज हाय तिचं."

दुकानात सगळ्यांच्या नजरा परत टीव्हीवर होत्या. ओव्हर संपायची होती.