निरंक

देवमन गुरुजींनी संगणकावरच्या नकाशात आपल्या गावच्या विहिरीवर बाण नेला आणि बटण दाबलं. पडद्यावर निळा ठिपका उजळला. निळा म्हणजे गोड पाणी, लाल म्हणजे खारं.

त्यांनी पुन्हा दाबलं. ठिपका निळाच राहिला.

"गुरुजी, माऊस हाय तो, बैलाचा कासरा नाई," शेजारच्या टेबलावरून मोतीराम म्हणाला. तो महसूल खात्यात कारकून होता. त्याच्याकडे गावागावांतल्या आत्महत्यांचे ठिपके भरायचं काम आलं होतं. सकाळपासून तो एवढंच बोलला.

नकाशा संगणकात कसा साठवतात, ते अमरावतीच्या या वर्गात शिकवत. विहीर म्हणजे बिंदू, नदी म्हणजे रेघ, शिवार म्हणजे बंद आकार, आणि प्रत्येकामागे तक्त्यात एक ओळ. सरावाला खरीच माहिती दिली होती, अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींची. नळयोजनेच्या गावांची यादी याच नकाशावरून निघणार होती, म्हणून गुरुजी शाळेतून रजा घेऊन तेल्हाऱ्याकडून इथं आले होते. खारं पाणी पिऊन गावात किडनीचे रोगी वाढत होते. त्यांची बायको सुभद्रा पोळ्यानंतर त्यातच गेली. आता गावात नळ यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी शिकवणाऱ्या नाजियाला बोलावलं. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिनं ठिपक्यामागची ओळ उघडली. क्षारांच्या रकान्यात शून्य होतं. पावसाच्या पाण्यातही थोडे क्षार असतात, शून्य कधीच नसतं, असं म्हणत तिनं कपाटातून गावाकडून आलेला मूळ कागद काढला. त्या जागी शाईनं लिहिलं होतं, निरंक.

गुरुजींनी तो शब्द शाळेच्या कागदांवर कितीदा लिहिला होता. कळवण्यासारखं काही नसलं की निरंक. विहिरीची तपासणी झालीच नव्हती, म्हणून ग्रामसेवकानं तसं लिहिलं असणार. संगणकातल्या रकान्यात आकडाच चालत होता. भरणाऱ्यानं निरंकचं शून्य केलं.

"शून्य म्हणजे मोजलं अन् काही निघालं नाई," नाजिया म्हणाली. "रिकामं म्हणजे मोजलंच नाई. मशीनले हे दोन अलग हायत, सर."

"मग दोन हजार लिहा. रोज पेतो मी ते पाणी."

"तुमच्या जिभेवरून आकडा नाई टाकता येत मले. रिकामं करता येते."

रिकामं ठेवलं तर गाव यादीत यायचं कसं, असं गुरुजींनी विचारलं. आजूबाजूच्या मोजलेल्या विहिरींवरून संगणक अंदाज काढतो, असं ती म्हणाली. शून्य हा त्याच्या लेखी खरा आकडा होता. त्यामुळं शेजारची शिवारंही उगाच निळी झाली होती.

तिनं शून्य पुसलं आणि नकाशा पुन्हा काढायला लावला. पडदा थोडा वेळ थिजला. मग चारी बाजूंच्या विहिरींचा लाल रंग गावावर पसरला.

"आलं तुमचं गाव, सर. तपासणी करतीन ते, पण गाव आता यादीतून सुटत नाई."

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसून झाल्यावरही ते पुसत राहिले. मग त्यांनी विचारलं, असे शून्य आणखी आहेत का.

नाजियानं रकाना चढत्या क्रमानं लावला. पडदा वरपासून खालपर्यंत शून्यांनी भरला. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. गुरुजी कपाटातल्या बाकीच्या कागदांवरून गावाचं नाव आणि त्यापुढचा निरंक वाचत, ती शून्य पुसायची. मोतीराम मान वर करून पाहायचा आणि पुन्हा आपले ठिपके भरायचा.

एका नावापाशी गुरुजी थांबले.

"हे राहू द्या. इथलं पाणी गोडच हाय."

"मोजलं होतं का?"

ते सुभद्राचं माहेर होतं. आमच्या इकडचं पाणी गोड, असं ती लग्न होऊन आल्यापासून सांगायची. डॉक्टरांनी खारं पाणी बंद करायला सांगितलं, तेव्हा गुरुजींनीच तिला उन्हाळाभर तिथं नेऊन ठेवलं होतं. परतली तेव्हा पाय आणखी सुजले होते, चप्पल जात नव्हती. प्रवासानं झालं असेल, असं दोघं म्हणाले होते.

नाजिया बटणावर बोट ठेवून थांबली होती.

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. तिथंही तोच शब्द होता.

"नाई," ते म्हणाले. "नाई मोजलं."

तिनं शून्य पुसलं. पडद्यावर रंग सरकू लागला. तो कुठला, हे पाहायला गुरुजींनी मान वर केली नाही. त्यांनी पुढच्या गावाचं नाव वाचलं.