रविवारचं तेल

"हिच्या डोक्याला तेल कोण लावतं?" डॉक्टरांनी मिनलच्या कपाळावरचे केस मागे सारत विचारलं.

"मीच लावते," मिनल म्हणाली. धडधडीत खोटं.

"ही कुठली लावतेय?" तिची आई सुलू शेजारच्या खुर्चीवर सावरून बसली. "मी लावते, दर रविवारी. घरच्या नारळांचं आहे मॅडम, रत्नागिरीहून भाऊ पाठवतो."

मी सुलूची शेजारीण. भाईंदर पूर्वेला आमची दारं समोरासमोर. दवाखाना म्हटलं की सुलूला एकटीने जायची भीती वाटते, म्हणून मलाही ओढत आणलेलं.

मिनल अकरावीत. कपाळ, गाल मुरुमांनी भरलेले. ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळून कॉलेजला जायची, हल्ली तेही टाळत होती. सुलूने काय करायचं बाकी ठेवलं होतं? लिंबू चोळलं, सुके बोंबील बंद केले, सब्जा पाजला. पोरीला उष्णता झालीय हे तिने ठरवूनच टाकलेलं. ती उतरावी म्हणून तेल दुप्पट केलं, पार कपाळावर ओघळेपर्यंत.

डॉक्टर ॲमंडा जवळच्याच उत्तन गावच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सुलूताई, ही उष्णता नाही. या वयात कातडी स्वतःच जास्त तेल सोडते. छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात, मग मुरुम येतात. त्यात वरून तुमचं तेल. कपाळावरचे तरी त्यानेच वाढलेत."

त्यांनी चिठ्ठीवर जेलचं नाव लिहिलं.

"हे जेल रात्री लावायचं, सगळ्या चेहऱ्याला, पातळ. आधी कातडी कोरडी पडेल, घाबरून सोडू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. फोडायचे नाहीत, लिंबू नाही. बोंबील खाऊ द्या खुशाल. पण तेल बंद."

"रविवारचंसुद्धा?" विचारताना सुलूचं तोंड एवढंसं झालं.

रिक्षाने घरी परतलो. मिनल पुढे जिना चढून गेली, तेव्हा सुलू पायरीवरच थांबली. "माझ्याच हाताने पोरीचं तोंड खराब केलं गं मी."

"गप बस. मुद्दाम केलंस का?" मी म्हटलं. मला तिचा राग आला आणि कीवही. दुःख काही तेलाचं नव्हतं. आठवडाभर ही स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला, पोर मोबाइलमध्ये. रविवारी आईच्या गुडघ्यांत डोकं आलं की मिनल बोलायला लागायची. कुणाशी भांडली, कोण तिच्याकडे बघून हसलं, सगळं. बाप गेल्यापासून सुलूला पोर भेटायची ती तेवढ्याच वेळात. आता ती कशाला येऊन बसेल?

रविवारी मी घावणे घेऊन त्यांच्याकडे गेले. तेलाची बाटली देवांपाशी, दिव्यासाठी ठेवलेली. सुलू खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. आतून मिनल आली. नाकाशी कातडी सोलवटलेली, मुरुम होते तिथेच. तिने आईच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं, हातात फणी दिली आणि पाठ करून खाली बसली.

"तेल नाही लावायचं ना?" सुलू म्हणाली.

"नुसतं विंचर. सावकाश."

सुलूने सवयीने डावा तळवा खोलगट करून पुढे धरला. जरा वेळ तसाच राहिला. मग तो कोरडाच हात तिने गाऊनला पुसला आणि विंचरायला लागली.

बऱ्याच वेळाने मिनल म्हणाली, "आई, डॉक्टरांकडे मी खोटं का बोलले माहितीये?"

"का गं?"

"मला वाटलं, त्या तुला ओरडतील."

वेणी अर्ध्यावर आली होती. सुलूने ती सोडली, पाडलेला भांग मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतलं.