झोनमधली रांग

चाचणी पुन्हा कोसळली आणि वहिनीच्या मनात दिराबद्दल पाल चुकचुकली.

ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करायची. डिस्ककडे कोणतं लिखाण आधी पाठवायचं आणि कोणतं थांबवायचं, हे ठरवणारा शेड्युलर तिच्याकडे होता. नवी डिस्क भारी हेकट. तिच्यावर जागेचे झोन पाडलेले, आणि प्रत्येक झोनमध्ये ओळीनंच लिहायचं. मधली जागा सोडून पुढचं लिखाण आलं, की ती ते सरळ नाकारायची. हल्ली असे नकार रोज येत होते. आणि डिस्क बनवणाऱ्या कंपनीत होता तिचा धाकटा दीर, त्याच घरात, शेजारच्याच खोलीत राहणारा.

"भाऊजी, तुमची डिस्क खोटं तर बोलत नाही ना?" तिनं जेवताना विचारलं.

"छे हो, वहिनी." एवढंच म्हणून तो ताट घेऊन उठला.

तेव्हापासून ती त्याच्यावर डोळा ठेवून राहिली. फोन वाजला की तो गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा. ती दिसली की लॅपटॉप मिटायचा.

"काहीतरी दडवतोय," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू आता घरातल्या माणसांनाही डिबग करायला लागलीस!" नवरा हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

शेवटी तिनं सापळा लावला. एका झोनमध्ये एका वेळी एकच लिखाण सोडायचं. ते झाल्याचं डिस्कनं कळवल्याशिवाय पुढचं पाठवायचं नाही. आता नकार आला तर चूक डिस्कचीच. सकाळपासून ती पडद्यासमोर नकाराचीच वाट बघत बसली. संध्याकाळ झाली, एकही आला नाही.

म्हणजे दोष डिस्कचा नव्हता. तिनं स्वतःचा कोड उघडला. डिस्क कामात असली की परत आलेलं लिखाण तिचा शेड्युलर रांगेच्या शेवटी उभं करत होता, आणि मागचं पुढे घुसत होतं.

घरी येताच तिनं दिराचं दार वाजवलं. "भाऊजी, चूक माझीच निघाली."

"बरं झालं सापडली." पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती. "मी भाड्यानं खोली बघितलीय, वहिनी. ते फोन घरमालकाचे होते, लॅपटॉपवरही खोल्याच शोधत होतो. मी पाणी प्यायला उठलो तरी तुमची नजर माझ्या पाठीवर."

"आता नका ना जाऊ."

"शब्द दिलाय त्यांना."

"खरंच दिलाय, की नुसतं म्हणताय?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

"बघा, पुन्हा!" तो म्हणाला, पण हसला.

रविवारी नवऱ्यानं त्याचं सामान नव्या खोलीवर पोचवलं.