रीनाच्या नावापुढचं शून्य

ग्रामसभेचा सचिव झालेल्या माणसानं कागद डकवण्याआधी निदान एकदा वाचावा, एवढीच सुकरीची माफक अपेक्षा होती. पण अंकुश पडला हौशी. एटापल्लीला जाऊन त्यानं भारत विरुद्ध इंडोनेशिया या मुलींच्या बास्केटबॉल सामन्याचा आकड्यांचा तक्ता छापून आणला आणि मरकागुड्याच्या गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या बैठकघराच्या, भिंतीवर डिंकानं पक्का चिकटवून टाकला. भारत एकसष्ट, इंडोनेशिया अठ्ठावन्न. जिंकलेल्या संघात आपल्या गावची रीना! ग्रामसभेला लोक जमले तेव्हा त्यानं तिची ओळ शोधून मोठ्या आवाजात वाचली, "मिनिटं चौदा. गुण शून्य. रिबाऊंड शून्य. असिस्ट शून्य. फाऊल चार."

"फाऊल म्हंजे?" कोलूनं विचारलं.

"चूक."

"म्हंजे पोरगी तिकडं जाऊन चार चुका करून आली," कोलू म्हणाला, आणि अख्खं गोटुल हसलं.

कोलू तसा वाईट माणूस नव्हता. जाळं टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो दिवसातून चारदा सांगत असे, एवढाच काय तो दोष. पण रीना नेमकी दारात उभी होती. सुकरीच्या भावाची पोर ही, सहाव्या वर्षापासून सुकरीकडेच वाढलेली, शिबिरातून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली. ती तशीच मागे फिरली. घरी येऊन तिनं बूट पिशवीत कोंबले आणि पिशवी कोपऱ्यात भिरकावली.

"सोमवारी मी जात नाई," ती म्हणाली. सोमवारी संध्याकाळपर्यंत शिबिरात हजर झालं नाही तर संघातून नाव कापलं जाणार, हे सुकरीलाही ठाऊक होतं.

"काऊन?"

"चौदा मिनिटं धडका खाल्ल्या, आत्या. दीपालीच्या मागं जे पोरगी धावते ना, तिच्या वाटेत मी खांबासारखी उभी. ते मले येऊन धडकते, दीपाली मोकळी होते, बॉल टाकते. दीपालीचे एकोणीस गुण. अन् माहे? त्या कागदात मी नाईच."

सुकरीनं समजूत काढली नाही. समजुतीनं ऐकणारं ते खानदानच नव्हतं. पण रविवारी बोडीतले मासे धरायचे होते. बोडी म्हणजे गावामागचं लहानसं तळं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सारं गाव मिळून त्यात उतरायचं आणि घरटी सारखे वाटे पडायचे, असा रिवाज सुकरीच्या आजाच्याही आधीपासूनचा. तो आठवला आणि सुकरीच्या डोक्यात किडा वळवळला.

रविवारी तिनं रीनाला जवळजवळ ओढतच नेलं आणि बांध फुटला होता तिथं, कमरेएवढ्या पाण्यात, बांबूची ताटी धरून उभं केलं. माशांची पळायची वाट तीच. चार तास पोरगी तिथून हलली नाही. पलीकडच्या काठानं सुकरी आणि इतर म्हाताऱ्या बाया काठ्यांनी पाणी बडवत मासे हाकत होत्या. मधे कोलूचं जाळं दर वेळी भरून येत होतं, आणि दर वेळी तो ते ओरडून सांगत होता.

दुपारी पळसाची पानं मांडून वाटे घालायची वेळ आली, तेव्हा सुकरी गंभीर चेहऱ्यानं उभी राहिली.

"या वर्षी वाटे कागदावरच्या पद्धतीनं घालू. मोठ्या देशाची पद्धत हाये ते. ज्याच्या हातानं मासा पाण्याबाहेर निंगाला, मासा त्याचा. अंकुश, लिही."

"भारी पद्धत हाये," कोलू लगेच म्हणाला. बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. या गावात एकाचाही नकार असला तर कुठलाच निर्णय होत नाही. पण सुकरी म्हणाली, लिहून तर पाहू, मोडायला किती वेळ लागते? आणि फुकटात गंमत पाहायला मिळत असेल तर नकार देणारा मरकागुड्यात अजून जन्माला यायचा होता.

"कोलूभाऊ, चव्वेचाळीस," अंकुशनं वाचलं. कोलूच्या पानांवर मरळ माशांचा ढीग लागला. "झाडू, सतरा. धुरपता, सहा. रीना, शून्य."

सुकरीचं लक्ष रीनाकडेच होतं. आता भडकेल, आता उठेल. चार तास पाण्यात उभी राहिलेली पोर हे ऐकून घेईल?

पोरीनं ऐकून घेतलं. गवताची काडी मोडत ती खाली मान घालून बसून राहिली. डाव तर फसलाच, वर पोरीचं शून्य गावापुढं दुसऱ्यांदा वाचून घेतलं, तेही आपणच. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"सुकरीबाई," अंकुशनं पुढं वाचलं आणि अडखळला. "शून्य."

लोक पोट धरून हसले. सुकरीलाही हसू आलं. सकाळपासून काठी आपटून तिचे खांदे भरून आले होते, आणि हाताला बोटाएवढी मासळीसुद्धा लागली नव्हती.

हसली नाही ती एकटी रीना. ती उठून थेट कोलूच्या ढिगापाशी गेली.

"माह्या आत्याले शून्य? कोलूकाका, हे मासे तुमच्या जाळ्यात आपल्या मनानं आले का? तिकडून आत्यानं हाकलले म्हणून आले ना? साठ वर्षांची बाई सकाळपासून काठी मारून राह्यली, अन् शून्य?"

"अवो, पण हातात मासा नाई ना आला तिच्या," अंकुश चाचरत म्हणाला.

"तू पाण्यात उतरला होता का? काठावर बसून लिहून राह्यला! पाण्यात कोणं काय केलं, हे तुले कुठून दिसन?"

रीना वाकली, कोलूच्या ढिगातल्या सगळ्यात मोठ्या दोन मरळी उचलल्या आणि सुकरीच्या रिकाम्या पानावर ठेवल्या. मग पाणी बडवणाऱ्या एकेका म्हातारीच्या पानावर ठेवत सुटली.

"अन् बांध फुटला तिथं कोण उभं होतं?" कोलू पायाकडे पाहत म्हणाला. "हे नसती तर अर्धे मासे नाल्यानं गेले असते." त्यानं आपल्या हातानं एक मरळ रीनाच्या पानावर ठेवली. रीनानं ती मरळ पळसाच्या पानात नीट गुंडाळून घेतली.

सोमवारी सकाळी ती पिशवी खांद्याला लावून एसटीची वाट पाहत उभी होती, आणि शेजारी सुकरी. धूळ उडवत बस आली तेव्हा रीनानं विचारलं, "आत्या, तू ते मुद्दाम केली ना?"

"हो."

"माह्यं शून्य वाचलं तेव्हाच मले समजलं. म्हणून तर मी गप बसली." तिनं पिशवी सावरली. "पण तुह्यं शून्य काऊन लावलं? तेच मले सहन नाई झालं."

डाव आखताना कोणाच्या वाट्याला किती मासे येतील याचा हिशेब केला, पण त्यात सुकरीचं स्वतःला मोजायचंच राहून गेलं होतं. हे काही तिनं सांगितलं नाही.

"अवो, तोच तर खरा डाव होता," ती ऐटीत म्हणाली. "चढ आता, जागा भेटणार नाई."