खळ्याखालचा मुरूम

उदगीरपासून तासाभरावर आमचं गाव. पाण्याच्या टाकीसाठी मी शेताचा कोपरा दिला होता. अट एकच होती. पाच मीटरच्या आत जमिनीचा कठीण मुरूम लागला पाहिजे. नाही लागला तर टाकी शेजारच्या वाडीला जाणार आणि आमच्या बायका पुन्हा टँकरच्या मागं धावणार.

म्हणून माती तपासायचा ट्रक आला, तेव्हा सगळं गाव बांधावर जमलं होतं. सोबत इंजिनियर सृष्टी मॅडम, वयानं माझ्या नातीएवढ्या. लोखंडी दांड्याच्या टोकाला शंकू बसवून यंत्र तो जमिनीत दाबत होतं. टोकाला जोर किती लागतो, बाजूला माती किती घासते, ते पडद्यावर दिसायचं.

"चिकण माती टोकाला वाट देते, बाजूनं मात्र चिकटून धरते," मॅडम म्हणाल्या. "मुरूम टोकालाच अडवतो."

शंकू हातभर खाली गेला आणि अडला. पडद्यावरची रेघ एकदम उजवीकडं पळाली.

"मुरूम!" आमचा सरपंच विरूपाक्ष ओरडला. "लिवा मॅडम, टाकी आमची!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी पुढं झालो. तिथं आमचं खळं होतं. दरसाली मुरूम पसरून, पाणी मारून, बैल फिरवून आम्ही ते चोपायचो. मळणीयंत्र आल्यावर मीच खळ्यावर काळी माती ओढली होती.

"मॅडम, थांबा. ह्यो मुरूम आम्ही टाकलेला हाय."

विरूपाक्षनं माझा दंड धरला. "संगप्पामामा, गप बसा की! येड लागलं का?"

"उद्या टाकी कलली तर तुझ्याच घरावर पडंल. मंग बोल."

मॅडमनी भोक पाडून तो थर फोडला आणि शंकू पुन्हा सोडला. आता तो सरसर निघाला. दोन मीटर, चिकण. तीन, चिकणच.

"घालवली टाकी," माझी शेजारीण नीलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

चार. साडेचार.

तेवढ्यात यंत्र गुरगुरलं, ट्रक हादरला, रेघ पडद्याच्या कडेला जाऊन भिडली.

"चार सत्तर!" मॅडमच ओरडल्या. "टोकाला एवढा जोर, बाजूला घासणं कमी. आजोबा, हा जमिनीचाच!"

एकच गलका झाला. विरूपाक्षनं मला उचललंच.

"मामा, आता टाकीच्या जागेच्या बाकी तीन कोपऱ्यांत काय पुरलंय, ते आधीच सांगा."

"तिथं नुसती तूर होती, बाबा."

दुपारपर्यंत तिन्ही कोपरे झाले. शेवटच्याला चार नव्वद. मॅडमनी अहवालावर सही केली आणि नीलाबाई टाकीची जागा पावलांनी मोजायला लागलीसुद्धा.