ओकदानची ऊबदार जमीन

त्या हिवाळ्यात पालिकेने म्हाताऱ्यांच्या बैठकखोलीचं अनुदान कापलं आणि गॅसचे दरही तेव्हाच चढले. बैठकखोलीला कुलूप लागलं. आमच्या टेकडीवरच्या बायकांनी जन्मभर गोदीत जहाजांचा गंज हातोडीने ठोकून काढला. कान त्यातच गेले. म्हातारपणी दिवसभर त्या खोलीतल्या, गॅसने खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून एकमेकींवर ओरडत बसायच्या. आता अंगात कोट घालून आपापल्या गार घरात पडून राहू लागल्या.

माझ्या सासूबाई पिलसुक त्यांतल्याच. मासळीबाजारात निघताना मी जमीन तापवायचं बटण सुरू करायची. माझी पाठ वळली की त्या बंद करायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "मला कुठे थंडी वाजते?"

एका दुपारी घरी आले तर त्यांच्या हातात कप ठरेना, इतक्या कापत होत्या. मी त्यांचे हात चोळत होते, तेवढ्यात दार ढकलून ओकदान आत आली. टेकडीच्या वरच्या टोकाला राहणारी, ऐंशी ओलांडलेली, काडीसारखी बाई. आमच्या दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, आणि कारण मीच. तिच्या भाचीला नाकारून सासूबाईंनी मला सून करून आणलं होतं.

"माझी भाची असती तर सासू अशी गारठली नसती," ती माझ्यावर ओरडली. मग सासूबाईंकडे वळली. "ऊठ गं पिलसुक. सगळ्या माझ्याकडे आल्यात. एकच जमीन तापवायची, गॅस मिळून भरायचा. तूच तेवढी राहिलीस."

"तुझ्या दारात? भीक मागायला?"

"भीक कसली? तुझी कोबीची किमची घेऊन चल. माझी फार आंबलीय, सगळ्या शिव्या घालतायत."

सासूबाई उठू गेल्या, पण पाय लटपटले. "मावशी, मी नेते त्यांना," मी म्हटलं.

"तू तुझी मासळी उचल," म्हणत ओकदान त्यांना पाठीवर घ्यायला पाठमोरी खाली बसली. सासूबाईंनी क्षणभर तिच्या मानेकडे पाहिलं आणि गळ्यात हात टाकले.

पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. किमचीचा डबा घेऊन मी मागे चालले होते. सासूबाईंना पाठीवर घेऊन ओकदान प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपायची, मग भार टाकायची. कुठे थांबली नाही, कण्हली नाही. जहाजाच्या अंगाला टांगलेल्या फळीवर या बायका कशा उभ्या राहायच्या, ते लग्नापासून ऐकत आले होते. म्हाताऱ्यांच्या बढाया समजायची. त्या दिवशी तिच्याच पावलांवर पाऊल ठेवत मी वर चढले.

वर, बाजारातल्या माझ्या गाळ्याएवढ्या खोलीत, एका रजईखाली सगळ्या दाटीने बसल्या होत्या. सरकल्या आणि सासूबाईंना मधोमध घेतलं. एकीने त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. मी उंबऱ्यात बूट न काढताच उभी राहिले. देवळातही माझी मान कधी अशी खाली झुकली नव्हती.

वसंत आला तरी बैठकखोली उघडली नाही, गॅसही उतरला नाही. ऊन वाढलं तशा बायका आपापल्या घरी परतल्या. सासूबाई मात्र ओकदानकडेच राहिल्या. "एकटी पडेल ती," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मी मासळी घेऊन वर जाते आणि थोडा वेळ त्या दोघींच्या मध्ये आडवी होते.